कुपवाडच्या ट्रेवाल्या दादांना

दादा, नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. माझ्या छोट्या विमानाची काच करून दिलीत, पण तुम्ही पैसे घेतले नाहीत. पेढ्यांचा बॉक्स दिला तर उघडून आधी आतला ट्रे वाकवून बघितलात आणि म्हणालात, "आमचा नाही, कोपऱ्यात पातळ आलाय." आभार मानायला लागले तर हीटर बघायला उठून गेलात. मग आता चारचौघांत ऐकून घ्या.

वाचणाऱ्यांना आधी माझी अडचण सांगते. माझ्याकडे एचएफ-२४ मारुत या लढाऊ विमानाचं १:७२ प्रमाणातलं व्हॅक्यूम-फॉर्म किट, म्हणजे घरी जोडून करायचं छोटं प्लास्टिकचं मॉडेल, होतं. नेहमीच्या किटमध्ये भाग नीट ओतलेले येतात, खुंटी भोकात बसवली की जुळतात. यात खुंट्याही नाहीत आणि भोकंही नाहीत. पांढऱ्या पॉलिस्टायरिनच्या दोन शीट, त्यांवर फुगवटे होऊन उठलेले विमानाचे अर्धे अर्धे भाग, कॉकपिटची पारदर्शक प्लास्टिकची एक काच आणि एक पानभर आकृती. चाकं ज्याची त्याने बघायची. भागाच्या कडेने पेनाने रेघ मारायची, कटरने कोरून तो शीटमधून मोडून काढायचा आणि मग वॉटर पेपर सपाट काचेवर चिकटवून त्यावर भाग घासत बसायचं, खालच्या शीटची जाडी निघून जाईपर्यंत. पेनाची रेघ संपली की थांबायचं. कमी घासलं तर विमान लठ्ठ होतं, जास्त घासलं तर हडकतं.

हे सगळं मला जमत होतं. अडलं ते काचेपाशी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी चढायला लागलं तेव्हा गावभागातल्या सगळ्यांसारखं आम्हीही घरातलं सामान माळ्यावर चढवलं, आणि त्या घाईत किटच्या खोक्यावर पितळी भांड्यांचं पोतं बसलं. पांढऱ्या शीट वाचल्या. काचेला तीन चिरा. तिथून ते किट पडूनच राहिलं. कॉकपिट उघडं ठेवून विमान करायचं म्हणजे बिनडोळ्यांचा गणपती.

गेल्या दिवाळीत मिठाई संपलेला पारदर्शक ट्रे हातात घेतला आणि लक्षात आलं, हा तर माझ्या विमानाचा चुलतभाऊ. शीट तापवायची, साच्यावर टाकायची, खालून हवा ओढून घ्यायची. मिठाईवाल्याला विचारत विचारत तुमच्या शेडपर्यंत पोचले. तुटकी काच पुढे केली. आजवर ज्याला ज्याला हे किट दाखवलं त्या प्रत्येकाने पहिला प्रश्न एकच केला होता, "मुलासाठी का?" तुम्ही काच उजेडात धरलीत आणि विचारलंत, "डाय आहे का ताई?" तिथेच मी निम्मी जिंकले.

डाय म्हणजे साचा. तो नव्हता. तुमच्या सांगण्यावरून फुटकी काच बाहेरून चिकटपट्टीने जोडली आणि तिच्यात पीओपी ओतलं, कारण शीट डायच्या वरून बसते, तेव्हा डाय आतल्या मापाचा हवा. मी तो दुसऱ्याच दिवशी घेऊन आले. तुम्ही गालाला लावून बघितलात. "गार लागतोय, म्हणजे ओल आहे. तापल्या शीटखाली वाफ धरेल." हीटरच्या बाजूला दोन दिवस वाळवलात.

पहिल्या शीटला पुढच्या टोकाशी घडी पडली. तुम्ही डायखाली लाकडाचा ठोकळा दिलात, मिरजेच्या तंबोरे करणाऱ्या मित्राकडून आणलेला. डाय उंच झाला की घडी खाली ठोकळ्यापाशी पडते, काचेवर येत नाही. दुसऱ्या वेळी बुडाशी हवा अडकली, म्हणून ठोकळ्याला डायच्या कडेने बारीक भोकं पाडलीत. तिसऱ्या वेळी शीटला झोळ पडेपर्यंत तुम्ही बोलला नाहीत. मग टेबल वर, व्हॅक्यूम चालू, फस्स. काच अशी आली की मला हात लावायची भीती वाटली.

पण माझ्या लेखी मोठी गोष्ट काचेची नाही, टॉर्चची. विमानाचं नाक घासताना मी भोक पाडलं होतं आणि पुट्टी भरून लपवलंही होतं. तुमच्या ते लगेच ध्यानात आलं. मोबाइलचा टॉर्च आतून धरलात तर पांढरं प्लास्टिक नाकाशी आणि पंखांच्या मुळाशी दिव्याच्या कागदासारखं उजळलं. "जिथे शीट जास्त ताणली तिथे ती पातळ. घासायच्या आधी बघायचं असतं." त्यानंतर मी प्रत्येक भाग आधी उजेडावर धरला आणि पातळ जागी आतून उरलेल्या शीटच्या पट्ट्या चिकटवल्या.

शेडमध्ये तुम्ही विचारलं होतंत, हे विमान कमरेत असं आवळलेलं का. मशीनच्या आवाजात धड सांगता आलं नाही. ध्वनीच्या वेगाजवळ गेलं की हवेचा विरोध एकदम वाढतो. तो कमी राहावा म्हणून पंख जिथे जोडतात तिथे धड बारीक ठेवतात. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांनी बेंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये याचं डिझाइन केलं. पहिलं उड्डाण १७ जून १९६१ चं, सुरंजन दास यांनी केलेलं. पण जे इंजिन डोळ्यांसमोर ठेवून विमान आखलं ते शेवटपर्यंत मिळालं नाही, दोन कमी ताकदीच्या ऑर्फियस इंजिनांवर भागवावं लागलं. तरी १४७ बनली आणि १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या बाजूला लढली. इंजिनाचं तेवढं तेव्हा तुमच्या कानावर गेलं होतं आणि तुम्ही म्हणालात, "म्हणजे डाय चांगला, पंप कमजोर." मारुतबद्दल इतकं नेमकं मी कुठे वाचलेलं नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. धातूचं विमान करण्याआधी त्यांनी पूर्ण मापाचं लाकडी ग्लायडर बनवलं होतं. १९५९ मध्ये दुसऱ्या विमानाने ओढून ते उडवून बघितलं. म्हणजे तुमच्यासारखंच, आधी लाकडात.

मारुत आता पूर्ण झालंय. लांबी २२ सेंटिमीटर, नाकात शिसं भरलंय, नाहीतर शेपटीवर बसायचं. डाव्या पंखाचा सांधा अजून दिसतो, तो माझा दोष. काचेकडे मात्र बघत राहावं.

डाय फेकू नका. मारुतचं दोन आसनांचंही एक रूप होतं, त्याची काच बरीच लांब असते. पुढच्या महिन्यात येते. येताना पेढे आणणार नाही, भडंग आणते, त्याला ट्रे नसतो.

तुमची,
विमानवाली ताई, गावभाग, सांगली