आरोग्यमंत्री साहेब, ईसीजी नॉर्मल आला म्हणजे हृदय ठीक आहे असं नाही

मा. आरोग्यमंत्री साहेब,

नमस्कार. हे पत्र खुलं लिहितेय कारण दुखणं माझ्या एकटीचं नाहीये. मला एट्रियल फिब्रिलेशन आहे, म्हणजे हृदयाचे ठोके बेताल पडण्याचा आजार, तोही येऊन जाऊन असणारा. म्हणजे बरेच दिवस काहीच नाही, आणि मग नुसतं पडल्या पडल्या छातीत फडफड सुरू. मनगटावर बोट ठेवलं की दोन ठोके घाईत, मग एक गायबच, मग एकदम दणका, परत चार-पाच पटापट, ताल असा लागतच नाही. कधी दहा मिनिटं चालतं, कधी अख्खी रात्र. आणि दवाखान्यात केसपेपर काढून नंबर येईपर्यंत सगळं सरळ झालेलं असतं.

साधा ईसीजी जेमतेम १० सेकंदांचा असतो साहेब. तेवढ्यात ठोके नीट पडले की नॉर्मल, टेन्शन घेऊ नका, या घरी. निदान होईपर्यंत माझा असाच खूप काळ गेला आणि आता रात्री झोप उडते ती त्याच विचाराने, की त्या काळात आत काय काय बिघडलं असेल.

ही भीती उगाचची नाहीये. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरत राहतात, रक्त साचतं, डाव्या कप्प्याला लागून एक छोटी पिशवी असते तिथे गुठळी धरते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. हा धोका साधारण ५ पट वाढतो. ठोके दीर्घकाळ फार वेगात राहिले तर हृदयाचं पंपिंगही कमी होतं, पण वेळेत आटोक्यात आणलं तर ते पुष्कळदा सुधारतंसुद्धा! १९९५ मध्ये शेळ्यांवरच्या प्रयोगात दिसलं होतं की फिब्रिलेशन जितकं जास्त चालू ठेवलं तितकं ते पुढे सहज सुरू व्हायला आणि जास्त टिकायला लागलं. हे वाचल्यापासून दर वेळी फडफड सुरू झाली की मनात तेच येतं, आता पुढची अजून लांबणार का. आणि २०२० च्या युरोपातल्या मोठ्या अभ्यासात, निदानापासून वर्षभराच्या आत ताल सुधारायचे उपचार सुरू केलेल्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यू, पक्षाघात, हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट होणं हे सगळं मिळून कमी झालं. म्हणजे उशीर हाच खरा घात आहे.

म्हणून मागणी एवढीच की धडधडीची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला एका ईसीजीवर परत पाठवू नका. सरकारी हॉस्पिटलात २४ तासांचं होल्टर, म्हणजे अंगावर लावून ठोके सतत नोंदवणारं छोटं मशीन, मिळू दे, आणि त्यात सापडलं नाही तर छातीला चिकटवायचा १४ दिवसांचा पॅच. ज्यांचं निदान झालंय त्यांचा इको (हृदयाची सोनोग्राफी) ठरल्या वेळी व्हावा, कप्पा मोठा होतोय का, पंपिंग उतरतंय का हे मागच्या रिपोर्टशी ताडून कुणीतरी समोर बसून सांगावं. ताल नीट ठेवायची अमिओडारोन ही गोळी चालू असलेल्यांची थायरॉईडची टेस्ट चुकू नये, त्या गोळीने थायरॉईड बिघडू शकतो.

आणि रक्त पातळ ठेवायच्या नवीन गोळ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच त्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्यात. त्यांचा असर एक-दोन दिवसांत ओसरतो, त्यामुळे खिडकीवर "स्टॉक संपलाय, पुढच्या आठवड्यात या" हे उत्तर आम्हाला चालत नाही. होल्टरची मशीन कुठे कुठे चालू आहेत, वेटिंग किती आहे आणि या गोळ्या कुठे मिळतात हे तुमच्या खात्याने जाहीर करावं, आम्ही वाट बघतोय.

आपली,
एक पेशंट