व्हेनिसला जायचंच असेल तर…

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, तुमचा बेत वाचला. व्हेनिसबाहेर, जमिनीवरच्या मेस्त्रे गावात स्वस्तात राहायचं आणि व्हेनिस एका दिवसात उरकायचं, हे मला पटलेलं नाही. मेस्त्रेहून रेल्वेने दहा-बारा मिनिटं लागतात हे खरं, पण तुम्ही ज्या व्हेनिसची स्वप्नं बघताय ते संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर सुरू होतं, आणि तेव्हाच तुम्ही परतीच्या गाडीत असाल. तीन रात्री गावातच काढा.

हॉटेल ठरवताना फोटो बघून भुलू नका. दोनच प्रश्न विचारा: बोटीच्या थांब्यापासून दारापर्यंत पूल किती, आणि लिफ्ट आहे का? गावात चारशेच्या वर पूल आहेत, बहुतेकांना पायऱ्या आहेत आणि रस्त्यावर गाडी नाही. म्हणजे चाकांची बॅगही प्रत्येक पुलावर उचलूनच न्यावी लागते. आईचे गुडघे बघता माणशी एकच छोटी बॅग. पत्त्यावर विसंबू नका. घरांचे नंबर गल्लीप्रमाणे नसून अख्ख्या विभागाचे सलग असतात, त्यामुळे 'कास्तेल्लो' हे विभागाचं नाव आणि पुढे चार आकडी नंबर एवढ्यावरून घर सापडत नाही. थांब्याचं नाव लिहून घ्या.

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा धरा. ऑगस्टचा उकाडा आणि डास कमी झालेले असतात, आणि भरतीचं पाणी चौकात शिरण्याचे दिवस मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारी. २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी 'मोझे' या भरतीरोधक यंत्रणेचे दरवाजे उचलून मोठी भरती अडवतात, पण सान मार्को हा गावातला मुख्य चौक इतका सखल आहे की त्याहून लहान भरतीतही तिथे पाणी साचू शकतं.

बोटीचं एक तिकीट सध्या साडेनऊ युरो, ७५ मिनिटांचं. तीन दिवसांचा पास ४५ युरोचा, तोच घ्या, आणि चढण्याआधी यंत्राला लावा, नाहीतर पास खिशात असूनही दंड. पहिल्या संध्याकाळी १ नंबरची बोट पियात्साले रोमा या बसस्थानकाजवळच्या थांब्यावरच पकडा. पुढच्याच थांब्यावर रेल्वेचे प्रवासी चढतात आणि बसायला जागा उरत नाही. सान मार्कोपर्यंत पाऊण तास, दोन्ही काठांना जुने वाडे. गोंडोलापेक्षा मला हेच जास्त आवडतं, पण आई ऐकणार नाही, म्हणून तेही सांगते.

गोंडोलाचा सरकारी दर दिवसा ९० युरो, अर्धा तास. संध्याकाळी सातनंतर ११०, ३५ मिनिटं. हा दर अख्ख्या नावेचा, माणशी नाही. वेळ आणि पैसे चढण्याआधी ठरवा. गाणाऱ्याचे पैसे वेगळे. सान मार्कोसमोरच्या उघड्या पाण्यात मोटारबोटींच्या लाटांनी नाव हिंदकळते, म्हणून सान तोमाच्या थांब्यावरून आतल्या अरुंद कालव्यांत जा. नाव मुद्दाम वाकडी बांधलेली असते, डावी बाजू उजवीपेक्षा २४ सेंटिमीटर रुंद, कारण नावाडी मागे डावीकडे उभा राहून उजवीकडे एकच वल्हं मारतो. तो सांगेल तिथेच बसा. फोटोसाठी बाबा मध्येच उठले की तोल गेलाच. चढताना त्याचा हात धरून पाय नावेच्या मधोमध टाका. पाण्यालगतच्या हिरव्या पायऱ्यांवर पाऊल नको, शेवाळ असतं.

आई, 'रिझी ए बिझी' हा मटारभात दिसायला शाकाहारी, पण त्यात बहुधा डुकराचं मांस असतं. 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेश्शे' म्हणायचं: मांस नको, मासे नकोत. कॉफी काउंटरवर उभ्यानं प्या. टेबलावर बसलात की दर वाढतो, आणि सान मार्को चौकात वाद्यवृंद वाजत असेल तर त्याचेही पैसे बिलात येतात.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. बाबा, तुमच्या पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी उरते का ते आजच बघा आणि दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचे फोटो मला पाठवा.

तुमची,
मनू