रेशनच्या पिशवीत ज्वारी कधी येणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हवामान बदल आणि आपला आहार या विषयावर हल्ली वर्तमानपत्रांत बरंच छापून येतं. शहरातल्या लोकांनी भरड धान्यं खावीत, त्यानं तब्येत सुधारेल आणि पाणीही वाचेल, असा सल्ला त्यात असतो. सल्ला चांगलाच आहे. पण ज्या शिवारात ज्वारी पिकते, तिथल्याच माणसांच्या ताटातून ती का गेली, हे माझ्या वाचनात कुठे आलं नाही. म्हणून हे पत्र.

मी मंगळवेढा तालुक्यातली. लग्न होऊन इथे आले त्याला चाळीस वर्षं होत आली. आमचं रान काळं, खोल, पण विहिरीला पाणी नाही. हस्ताचा पाऊस झाला, वापसा आला, म्हणजे माती पेरणीजोगी झाली, की पेरायचं आणि मग आभाळाकडून काही न मागता फेब्रुवारी-मार्चमध्ये रास घरी आणायची. बागायती भागातल्या पाहुण्यांना हे खोटं वाटतं. पण ही जमीन ओल धरून ठेवते आणि ती ओल उडू द्यायची नाही, यातच आमची सगळी शेती आली. सासरे म्हणायचे, "एक कोळपणी, अर्धं पाणी." कोळपणी म्हणजे पिकाच्या ओळींमधली वरची माती मोकळी करणं. पीक तीन आठवड्यांचं झालं की पहिली, पाचव्या आठवड्यात दुसरी, आणि आठव्या आठवड्यात रान भेगाळायला लागलं की दातेरी कोळप्यानं तिसरी, म्हणजे भेगा बुजतात. मालदांडी या ज्वारीच्या वाणाची निवड स्वातंत्र्याच्याही आधी मोहोळच्या संशोधन केंद्रावर झाली. पुढे राहुरी आणि परभणीच्या विद्यापीठांनी चांगली वाणं दिली, तरी भाकरीसाठी आमच्याकडे अजून मालदांडीच. 2016 साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गावात खूप आनंद झाला होता.

हवामान बिघडल्याचा फटका ज्वारीला बसत नाही, असं मी म्हणणार नाही. 2023चा ऑगस्ट देशात 1901पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. 2025च्या सप्टेंबरात त्याच्या उलट झालं. सीना नदी फुगली, माढा-मोहोळकडची गावं पाण्यात गेली, आणि आमच्या रानात दिवाळी उलटली तरी वापसा नव्हता. उशिरा पेरलेल्या ज्वारीचे दाणे भरायच्या वेळेला खालची ओल संपलेली असते आणि वर ऊन तापलेलं असतं. दाणा बारीक राहतो. तरीही ती उभी राहते, काहीतरी देते आणि जनावरांना कडबा तर देतेच. गव्हाचं तसं नाही. 2022च्या मार्चमध्ये उत्तरेत उष्णतेची लाट आली, ऐन दाणे भरताना गहू भाजून निघाला आणि 13 मे रोजी केंद्र सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. पुढच्या वर्षी जुलैमध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची थांबवली. आपली रेशनव्यवस्था प्रामुख्यानं या दोन धान्यांवर उभी आहे, याची मला काळजी वाटते.

आता माझ्याकडे काढणीला येणाऱ्या बायकांबद्दल. आमच्याकडे रब्बी ज्वारी मुळासकट उपटतात. जमीन तोवर दगडासारखी झालेली असते. दिवसभर वाकून उपटायचं, पेंढ्या बांधायच्या, मग कणसं मोडायची. हाताला फोड येतात, पात्यांनी दंड कापतात. ज्वारीचं पीक कमी होण्याचं हे फार मोठं कारण आहे आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही, कारण हे काम बहुतेक बायकाच करतात. पूर्वी मजुरी ज्वारीतच मिळायची, त्यामुळे उपटणाऱ्या बाईच्या घरात वर्षाचं नाही तरी सहा महिन्यांचं धान्य असायचं. आता रोख मिळते. गेल्या काढणीला दुपारी बांधावर जेवायला बसलो, तर पाचजणींच्या फडक्यात चपात्या होत्या आणि भाकरी माझ्या एकटीच्या. त्यातल्या एकीनं अर्धी भाकरी मागून घेतली आणि न खाता बांधून ठेवली, लेकीला आवडते म्हणाली. गहू रेशनवर फुकट मिळतो, ज्वारी दुकानातून विकत आणावी लागते. मग ती गहूच खाणार. यात तिची काय चूक?

हा अन्याय कायद्यानं केलेला नाही. 2013च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात गहू आणि तांदळाबरोबर भरड धान्याचंही नाव आहे. तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरड धान्य 1 रुपया किलो, असा दर त्यात लिहिलेला होता. 2023पासून तर धान्य मोफतच झालं. त्याच वर्षी, भारताच्याच पुढाकारानं, संयुक्त राष्ट्रांचं भरड धान्य वर्ष साजरं झालं. आमच्या सीमेपलीकडे कर्नाटकात सरकार नाचणी आणि ज्वारी हमीभावानं विकत घेऊन रेशनवर देतं. ओडिशानं नाचणीबाबत तेच केलं. आपल्याकडे मधूनच एखाद्या जिल्ह्यात, एखाद्या महिन्यात ज्वारी येते आणि पुन्हा दिसत नाही. ज्या मंगळवेढ्यात दामाजीपंतांनी दुष्काळात भुकेल्या लोकांसाठी सरकारी कोठारं उघडली, तिथे आज परराज्यातल्या गव्हाची पोती उतरतात.

हमीभाव जाहीर होतो, नाही असं नाही. 2025-26साठी मालदांडीचा हमीभाव क्विंटलला 3749 रुपये आहे. पण आमचा अनुभव असा, की खरेदी सुरू होईपर्यंत बहुतेकांची ज्वारी आडत्याकडे गेलेली असते. दोन वर्षांपूर्वी आम्हीही तशीच घातली. सोसायटीचं कर्ज मार्चअखेर भरायचं असतं, रास घरात ठेवून कोण थांबणार?

शेजारच्या शिवारात उजनी धरणाचं पाणी पोचलं तिथे लोकांनी ऊस लावला. त्यांना मी नावं ठेवत नाही. उसाला कारखाना आहे, तोडणीला टोळी आहे, दर ठरलेला आहे. राज्याच्या लागवडीखालच्या क्षेत्राच्या जेमतेम 4 टक्क्यांवर ऊस आहे आणि सिंचनाचं जवळपास 70 टक्के पाणी तो घेतो, हे केंद्राच्या कृषी मूल्य आयोगानंच आपल्या अहवालात सांगितलेलं आहे. त्याच वेळी आमच्या तालुक्याच्या दक्षिणेकडची गावं पाण्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं करत आली. साठच्या दशकात राज्यात सुमारे 60 लाख हेक्टरवर ज्वारी होती. आज त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही उरलेली नाही. हे सगळं क्षेत्र हवामानानं खाल्लेलं नाही. ज्या पिकाला ठरलेलं गिऱ्हाईक नाही, ते शेतकरी किती वर्षं लावणार?

सोलापूर, धाराशिव, बीड, अहिल्यानगर, सांगलीचा पूर्व भाग या ज्वारीच्या पट्ट्यात तरी रेशनवरचा निम्मा गहू काढून त्या जागी याच भागातली रब्बी ज्वारी द्यावी. वाहतूक वाचेल, साठवण सोपी होईल. आश्रमशाळा आणि वसतिगृहांच्या जेवणात भाकरी असावी. सोलापुरात ज्वारी संशोधनाचं केंद्र आहे, दोन्ही विद्यापीठं जवळ आहेत. त्यांनी उंच मालदांडी कडब्यासकट काढणारं, लहान शेतकऱ्याला परवडणारं यंत्र लवकर द्यावं. परदेशी पद्धतीची मोठी यंत्रं आमच्या कामाची नाहीत, त्यात कडब्याचा चुरा होतो आणि जनावरं उपाशी राहतात.

आणि खरेदी केंद्रं फेब्रुवारीत उघडावीत. रास खळ्यावर यायच्या आधी.

आपली नम्र,
एक शेतकरी वाचक
ता. मंगळवेढा, जि. सोलापूर