प्रतिजैविके आणि आतड्यातील जिवाणू

महोदय,

प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंची चर्चा नव्या औषधांपाशीच थांबते, याची खंत वाटते. कारण आतड्यातील निरोगी जिवाणू अन्न व जागा अडवून आणि पित्ताम्लांचे रूप पालटून ‘क्लोस्ट्रिडिओइडिस डिफिसिल’सारख्या चिवट, तीव्र जुलाब घडवणाऱ्या जंतूला वाढू देत नाहीत आणि अनावश्यक प्रतिजैविकांनी नेमके तेच मारले जातात. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, या जंतूमुळे होणारा जुलाबाचा आजार उलटलेल्या १६ रुग्णांना निरोगी दात्याच्या विष्ठेतील जिवाणू एक-दोनदा दिल्यावर (उपचार किळसवाणा वाटला तरी) १५ जण बरे झाले. केवळ व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक दिलेल्या १३ पैकी मात्र ४ जणच. आपल्याकडे प्रतिजैविके चिठ्ठीविनाही मिळतात. अन्न व औषध प्रशासनाने ‘एच-१’ अनुसूचीतील (चिठ्ठीवरच विकायच्या आणि विक्रीची नोंद ठेवायच्या यादीतील) औषधांच्या विक्रीनोंदी नियमितपणे तपासाव्यात, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा