आगमनकाळातल्या बाळाच्या आईस

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

बाळ झोपलं की वाच. एका बैठकीत नाही झालं तरी चालेल.

आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार आणि त्यांचे आठवडे, सुरू झाला आणि घरात काहीच तयारी नाही, याचं वाईट वाटून घेऊ नकोस. या काळाला आपण उगाच नाताळच्या सजावटीची लांबण करून टाकलं आहे. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा रविवार तो पहिला. म्हणजे तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यात कधीही येतो. त्या रविवारी चर्चमध्ये वाचायचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला येशूच्या जीवनाचा भाग, उघडून बघ. त्यात ना गोठा, ना मेंढपाळ. ख्रिस्त पुन्हा येणार आहे, जागे राहा, एवढंच. पुढचे दोन रविवार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे, येशूच्या आधी त्याची वाट तयार करणाऱ्या संदेष्ट्याचे. येशूची आई मरिया आणि तिचा पती योसेफ भेटायला चौथा रविवार उजाडावा लागतो. जागं राहायला तुला सध्या वेगळं सांगायची गरज नाही म्हणा!

बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरपर्यंतचंच बरं दिसतं. छातीशी धरलंस की तुझा चेहरा नेमका तेवढ्या अंतरावर येतो. पलीकडचं सगळं धूसर. तळहातावर बोट ठेवलं की मूठ मिटते, गालाला स्पर्श झाला की तोंड तिकडे वळतं. रडतं, पण डोळ्यांतून पाणी ओघळायला काही आठवडे लागतात. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं आणि दोन आठवड्यांच्या आत बहुधा भरून येतं. त्यासाठी २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागतं. झोपेत श्वास ५-१० सेकंद थांबून पुन्हा सुरू होतो, तेव्हा घाबरू नकोस. पण तो २० सेकंद थांबला, ओठ निळे पडले, श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जाऊ लागली किंवा ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला, तर वाट न बघता डॉक्टरांकडे ने.

आता हेच सगळं येशूच्या बाबतीत मनात आण. ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे, असं सन ४५१ मध्ये कॅल्सेडॉन इथे भरलेल्या बिशपांच्या धर्मसभेनं ठरवलं. 'पूर्ण मनुष्य' आपण घाईत म्हणून टाकतो. त्यात ही मान न सावरणंही आलं, टाळूची मऊ जागा आली, दर दोन-तीन तासांची भूक आली. येशू जन्मला तेव्हा देवदूतानं मेंढपाळांना दिलेली खूणही तेवढीच साधी: बाळंत्यात गुंडाळलेलं, गव्हाणीत ठेवलेलं बाळ. शुभवर्तमान लिहिणारा लूक पुढे सांगतो, आठव्या दिवशी सुंता होऊन नाव ठेवलं, मग शुद्धीकरणाचे दिवस भरल्यावर मंदिरात नेलं. अर्पण पक्ष्यांच्या जोडीचं, म्हणजे कोकरू परवडत नसे त्यांचं. देव येतो तो असा, कुणीतरी उचलून घेतल्याशिवाय ज्याचं चालत नाही असा. मला आगमनकाळाचा गाभा हाच वाटतो, आणि तो तुझ्या मांडीवर आहे.

तूही बाळाला गुंडाळतेस, तेव्हा कापड खांद्यांच्या वर जाऊ देऊ नकोस आणि कमरेखाली सैल ठेव. पाय सरळ ताणून घट्ट बांधले तर खुब्याचे सांधे बिघडू शकतात. झोपवायचं ते नेहमी पाठीवर. कुशीवर वळायची लक्षणं दिसली की गुंडाळणं बंद.

आगमनकाळाचं पुष्पचक्र, म्हणजे हिरव्या पाल्याच्या कड्यात दर रविवारी एकेक वाढवत लावायच्या मेणबत्त्या, करायचंच असेल तर सारख्या उंचीच्या चार पुरेत: तीन जांभळ्या, एक गुलाबी; शिवाय मध्ये एक पांढरी नाताळसाठी. गुलाबी तिसऱ्या रविवारची, आनंदाची; पुष्कळजण चुकून ती शेवटी लावतात. पहिली चारही आठवडे जळते म्हणून फार खुजी होते, तेव्हा रोज पाच-दहा मिनिटांतच विझव. हिरवा पाला वाळला की पटकन पेटतो, दर आठवड्याला बदल. बाळाच्या खोलीत ते नकोच. हात रिकामे नसतील तर बॅटरीवरचे दिवे लाव, त्यात काही कमीपणा नाही.

१७ डिसेंबरचं वाचन मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या येशूच्या वंशावळीचं, चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट. बहुतेकजण ते चाळून पुढे जातात. तू पाजताना मोठ्यानं वाच. बाळाला नावं कळणार नाहीत, पण तुझा आवाज त्याच्या पोटातल्यापासून ओळखीचा आहे. त्यातल्या जरुब्बाबेल या नावापाशी जीभ अडखळेल, अडखळू दे.

तुझी,
आई