प्रेत पाहिलं, मरण नाही

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला डेव्ही क्रॉकेटवरचा, म्हणजे टेक्सासमधल्या अलामोच्या ठाण्यात मेक्सिकन फौजेशी लढताना गेलेल्या त्या अमेरिकन वीरावरचा, लेख वाचला. राग उतरेल म्हणून एक दिवस थांबलो. उतरला नाही.

‘शेवटच्या गोळीपर्यंत लढला, सुझाना डिकिन्सन याला साक्षी’ असं आपल्या लेखकमहाशयांनी ठोकून दिलंय. अहो, अलामोतून जिवंत सुटलेल्या या बाईंना चर्च आणि दुमजली बराकीच्या मध्ये त्याचं प्रेत दिसलं, शेजारी त्याची ती टोपी. प्रेत दिसणं म्हणजे मरताना दिसणं नव्हे, हे माझी नववीची पोरंही सांगत. आणि मेक्सिकन अधिकारी दे ला पेन्याच्या रोजनिशीचं काय? तो लिहितो, सातेक जण जिवंत सापडले, त्यांत क्रॉकेट होता. मेक्सिकन जनरल कास्त्रियोननं रदबदली केली, सरसेनापती सांता अन्नानं ती धुडकावून त्यांना मारायला लावलं. मरताना कुणी गयावया केली नाही, हेही तोच लिहितो. मग बट्टा कुठे लागला? रोजनिशी बनावट म्हणणारेही आहेत. कागद तपासला, तो त्या काळचाच निघाला. तेवढ्यानं मजकूर खरा ठरत नाही, हे मलाही कळतं. पण उल्लेख तरी करायचा!

२०१४ साली मुलीकडे ऑस्टिनला गेलो होतो, तेव्हा जावईबापूंनी अलामो दाखवायला नेलं. तिथे मी हा विषय काढला, जरा मोठ्यानं. (पस्तीस वर्षं वर्गावर काढली, हळू बोलता येत नाही.) क्रॉकेटछाप शेपटीवाली टोपी घातलेले एक आजोबा, माझ्याच वयाचे, असे काही वळून बघायला लागले की जावईबापूंनी ‘बाबा, आपण पाहुणे आहोत’ म्हणत मला दंडाला धरून बाहेर आणलं. बरं, ती रोजनिशी ऑस्टिनच्याच विद्यापीठात आहे. निदान ती तरी दाखवा म्हटलं, तर परतीच्या वाटेवर सॅन मार्कसला मॉलमध्ये तीन तास बुटांची खरेदी! रोजनिशी राहिली ती राहिलीच. नातवाला मात्र शेपटीवाली टोपी मिळाली. पैसे मीच दिले.

आणखी एक. लेखाशेजारी ‘क्रॉकेटचे दुर्मीळ छायाचित्र’ छापलंत. तो गेला ६ मार्च १८३६ रोजी. डागेरची छायाचित्रणाची पद्धत जगासमोर आली १८३९ मध्ये. आपण छापलेले गृहस्थ जॉन वेन आहेत, १९६० च्या सिनेमातले.

शब्दकोड्याच्या चुकलेल्या उत्तराबद्दलचं माझं आधीचं पत्रही अजून छापलेलं नाही.

आपला,
एक निवृत्त इतिहास-शिक्षक, सातारा