पंटमध्ये बॉल नेमका कोणाचा, ते पण छापा की

संपादक साहेब, नमस्कार,

अमेरिकन फुटबॉल समजावून सांगणारा लेख तुमच्या क्रीडा पानावर वाचला. चांगला होता, टचडाउन (बॉल समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये नेणं) आलं, क्वार्टरबॅक आला, चार डाउनमध्ये, म्हणजे चार प्रयत्नांत, १० यार्ड पुढे जायचं हे पण नीट सांगितलंय, पण पंटबद्दल काय तर एकच ओळ, की चौथ्या डाउनला टीम लांब किक मारून बॉल समोरच्यांना देऊन टाकते. संपलं. ओळ चुकीची नाहीये, पण तेवढ्यावर जो मॅच बघायला बसेल त्याला पहिल्याच गडबडीत कळणार नाही की किक मारलेली टीमच बॉल घेऊन नाचतेय कशाला.

११ फेब्रुवारी २०२४ चा लास वेगासचा सुपर बोल, म्हणजे एनएफएल या अमेरिकन लीगची फायनल, बघा. तिसरा क्वार्टर चालू, सॅन फ्रान्सिस्को ४९र्स १०-६ ने पुढे, कॅन्सस सिटी चीफ्सचं काही जमत नव्हतं म्हणून त्यांनी पंट मारला. बॉल जमिनीवर पडला, उसळला आणि ४९र्सच्याच एका खेळाडूच्या पायाला लागला, तो बिचारा दुसऱ्याला ब्लॉक करत होता, बॉलकडे त्याचं लक्षही नव्हतं. मागे उभा असलेला रिटर्नर (पंट पकडून पळणारा खेळाडू) धावत आला आणि बॉल उचलायला गेला, तोही निसटला, त्यावर चीफ्सचा माणूस पडला. पुढच्याच प्लेला चीफ्सचा टचडाउन, १३-१०. शेवटी मॅच ओव्हरटाइममध्ये चीफ्सनी २५-२२ जिंकली. ज्यांनी बॉल "देऊन टाकला" त्यांनाच तो परत मिळाला, आणि तो का मिळाला हे तुमच्या त्या ओळीतून कुणाला कळणार?

खरं तर सगळा पंट एकाच प्रश्नावर उभा आहे, बॉलला आधी कोण लागलं. पंटर लाइनच्या (जिथून प्ले सुरू होतो त्या रेषेच्या) मागे साधारण १५ यार्डांवर उभा असतो, स्नॅपर दोन पायांमधून बॉल मागे फेकतो, पंटर तो हातातून सोडतो आणि जमिनीला टेकायच्या आत लाथ मारतो. बॉल लाइनच्या पुढे गेला की किक मारणाऱ्या टीमचा त्याच्यावर हक्क राहत नाही, पण समोरच्या टीममधल्या कुणालाही, कुठेही, नखभर जरी लागला तरी बॉल मोकळा, ज्याच्या हाताला लागेल त्याचा. (धक्का मारून त्याला बॉलवर ढकललं असेल तर ते धरत नाहीत, पण ते अंपायरने बघायचं.) म्हणूनच बॉल उसळत असला की रिटर्नर हात हलवून ओरडतो, लांब व्हा, लांब व्हा. टीव्हीवर ते घाबरल्यासारखं दिसतं पण तेच शहाणपणाचं असतं.

कॅच करताना हातातून सुटला तर त्याला मफ म्हणतात. किक मारणाऱ्यांनी तो उचलला तर बॉल त्यांचा, पण तिथेच, पळत पुढे न्यायचा नाही. आणि आधी नीट पकडला, पळायला लागला, मग सुटला, तर तो फम्बल, तो उचलून सरळ टचडाउनपर्यंत पळता येतं. क्रिकेटमध्ये कॅच सुटला तर बॅट्समन वाचतो एवढंच, इथे कॅच सुटला तर आख्खी पाळीच जाते. जानेवारी २०१२ मध्ये एनएफसी चॅम्पियनशिपला (सुपर बोलच्या आधीची सेमीफायनल) न्यू यॉर्क जायंट्सविरुद्ध ४९र्सचा रिटर्नर काइल विल्यम्सच्या वाट्याला नुसता स्पर्श आणि फम्बल हे दोन्ही एकाच मॅचमध्ये आलं. चौथ्या क्वार्टरमध्ये उसळलेला पंट त्याच्या गुडघ्याला नुसता चाटून गेला, रिप्लेत दिसलं, बॉल जायंट्सचा आणि त्यावर टचडाउन. मग ओव्हरटाइममध्ये पंट पकडून पळताना बॉल हातातून काढला गेला, जायंट्सनी फील्ड गोल (खांबांमधून किक, तीन गुण) मारला, २०-१७, ४९र्स घरी. (त्या पोराला लोकांनी नंतर जे काही बोललं ते वाचवत नाही, पण गुडघ्याचा नियम किती जणांना आधी माहीत होता हाही प्रश्नच आहे.)

आता उलटं बघा. समोरच्यांपैकी कुणालाच लागला नाही आणि किक मारणाऱ्यांनीच आधी हात लावला तर? तर बॉल समोरच्यांचाच, जिथे हात लागला तिथून. म्हणून हे लोक जीव तोडून पळत जातात आणि एंड झोनच्या जरा अलीकडे बॉल थांबवतात, कारण एंड झोनमध्ये गेला की टचबॅक, म्हणजे समोरच्यांना २० यार्डाच्या रेषेवर आयता बॉल. २ यार्डावर थांबवला तर त्यांना ९८ यार्ड काढायचेत, २० वरून ८०, या फरकासाठी माणसं हवेत सूर मारून बॉल मागे ढकलतात. यातलीच एक गंमत फार कमी जणांना माहितीये, किक मारणाऱ्यांनी नुसता हात लावून बॉल सोडला, ताब्यात घेतला नाही, तर समोरचा तो उचलून बिनधास्त पळू शकतो, कारण पुढे त्याच्याकडून सुटला तरी त्याच्या टीमला पहिल्या हात लागलेल्या जागेवर बॉल मागता येतो. फुकटचा चान्स. तरी बरेच जण नुसते बघत उभे राहतात, मला तर कळतच नाही का.

फेअर कॅच तुम्ही लिहिलाच नाहीत. रिटर्नरने डोक्यावर हात उंच करून हलवला की त्याला धक्का लावायचा नाही, त्याने पण पकडल्यावर पळायचं नाही. हे भित्र्यांचं काम वाटतं, पण पंटर बॉल चार-साडेचार सेकंद हवेत ठेवतो तोच मुळी यासाठी, तेवढ्यात दोन्ही कडेचे गनर (किक मारणाऱ्यांचे वेगात धावणारे दोघं) येऊन रिटर्नरच्या नाकासमोर उभे राहतात. (एनएफएलमध्ये किक बसायच्या आधी फक्त तेच दोघं पुढे सुटू शकतात, कॉलेजमध्ये स्नॅप झाला की सगळेच.) आणि फेअर कॅचनंतर एक जुनाट नियम अजून जिवंत आहे, त्या जागेवरून थेट फील्ड गोल मारायचा, समोरचे १० यार्ड लांब, अडवायला कोणी नाही. डिसेंबर २०२४ मध्ये चार्जर्सच्या कॅमरन डिकरने ब्रॉन्कोजविरुद्ध असाच ५७ यार्डांचा मारला. आधी समोरच्याने रिटर्नरला कॅच घेताना अडवलं म्हणून १५ यार्डांची पेनल्टी मिळाली, त्यामुळे जागा जवळ आली. एनएफएलमध्ये असा गोल याआधी १९७६ मध्ये झाला होता! एवढी दुर्मिळ गोष्ट, अशा वेळी नियम माहीत नसेल तर माणूस विचारत बसणार की हे मध्येच काय चाललंय.

ब्लॉक झालेला, म्हणजे किक मारताच समोरच्यांनी अडवलेला पंट हा आणखी वेगळा प्रकार. बॉल लाइनच्या मागेच राहिला तर किक मारणारेही तो उचलून पळू शकतात, फक्त फर्स्ट डाउनची रेषा (त्या १० यार्डांची) गाठायला हवी, किंवा परत किक मारू शकतात, हो, परत. ऑक्टोबर २०२१ मध्ये सीहॉक्सच्या मायकल डिक्सनने रॅम्सविरुद्ध हेच केलं, पंट ब्लॉक झाला, त्याने बॉल उचलला, कडेला पळाला आणि पळता पळताच दुसरी लाथ घातली, ६८ यार्ड. तो ऑस्ट्रेलियाचा, तिकडच्या फुटबॉलमध्ये पळत किक मारायची सवय असते, ती कामाला आली. पंटरला उगाच आपटलं तर १५ यार्ड आणि आपोआप फर्स्ट डाउन, नुसतं घासून गेलात तर ५ यार्ड, आणि आधी बॉलला हात लागला असेल तर काहीच नाही.

रे गाय नावाचा रेडर्सचा पंटर १९७३ मध्ये ड्राफ्टमध्ये (टीम्स नवे खेळाडू निवडतात त्यात) पहिल्या राउंडला निवडला गेला, लोकांनी नावं ठेवली की पंटरवर कोणी एवढा मोठा पिक घालवतं का. नंतर न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये त्याची किक छताखाली टांगलेल्या स्क्रीनला जाऊन लागली. हॉल ऑफ फेममध्ये मात्र तो २०१४ ला गेला, आणि निव्वळ पंटर म्हणून तिथे पोचलेला तो पहिलाच. इतकी वर्षं लागली, त्यामुळे तुमच्या एका ओळीवर मी फार चिडत नाहीये.

पण पुढच्या सुपर बोलच्या वेळी मध्यंतरातल्या गाण्याला अर्धं पान देणारच असाल, तर त्याच पानावर एक छोटी चौकट पंटला द्या. चित्र काढणारा मिळाला तर उत्तमच, रिटर्नरचा गुडघा आणि बॉल एवढं दाखवलं तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक